मस्कतहून आलेला पंखा

अठ्ठ्याण्णव सालचा मे महिना. डोंबिवली पश्चिमेला, खाडीच्या अंगाला असलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर काळुराम पेपर घेऊन बसला होता, आणि डोक्यावरचा पंखा आपोआप बंद झाला.

"शालू, तू रिमोट घेतलास?"

"माझे हात पिठात आहेत," बायको आतून ओरडली. "दर वेळी मलाच काय विचारता?"

रिमोट समोर टेबलावरच होता. काळुरामनं पंखा चालू करून दोनवर ठेवला. दोन मिनिटं बरी गेली. मग पंखा एकदम पाचवर गेला आणि पेपर उडून सोफ्यामागे पडला.

हा पंखा त्याच्या बहिणीनं, गोदानं, मस्कतहून आणला होता. तिचा नवरा तिकडे नोकरीला होता. दिवाळीला आली तेव्हा खोकं हातात देऊन म्हणाली, "दादा, फक्त तुझ्यासाठी आणलाय. कुठं बोलू नको." थंडीत खोकं माळ्यावर पडून राहिलं. मार्चअखेर पंखा लावला आणि तेव्हापासून घरात शांतता नव्हती.

गुरुदत्त इलेक्ट्रिशियन तीनदा येऊन गेला होता. पहिल्यांदा म्हणाला, भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढा, तो आणि रिमोट एकत्र चालत नाहीत. काढला. दुसऱ्यांदा म्हणाला, बॅटरी उतरली असेल. ती बोटाच्या पेराएवढी बॅटरी शोधत काळुराम पार ठाण्याला जाऊन आला. तिसऱ्यांदा त्यानं ट्यूबलाइटवर संशय घेतला आणि ती या भिंतीवरून त्या भिंतीवर नेली. भिंतीला चार भोकं पडली, पंखा होता तसाच.

आज चौथी खेप. गुरुदत्तनं रिमोटमधली बॅटरीच काढून खिशात टाकली आणि वर बघत बसला. पाचेक मिनिटांनी पंखा गपकन थांबला.

"बघा! रिमोटमध्ये जीव नाही, तरी बंद झाला. म्हणजे तुमच्या रिमोटचा दोष नाही. दुसरा कोणीतरी त्याच्या रिमोटनं तुमचा पंखा चालवतोय."

"भिंतीपलीकडून?"

"हा टीव्हीसारखा नाही, रेडिओसारखा आहे. भिंत, स्लॅब, सगळ्यातून जातो. बिल्डिंगमध्ये असाच पंखा अजून कोणाकडे आहे?"

"कोणाकडे असणार? मस्कतचा माल आहे!"

कोपऱ्यात लसूण सोलत बसलेल्या आवडाबाईंचा, काळुरामच्या आईचा, हात थांबला. काळुरामनं ते पाहिलं.

"आये, काय झालं?"

"कुठं काय." मग सुस्कारा टाकून म्हणाली, "आनंदाकडं पन हाय. गोदीनं दोघांना दिलेत. मना शपथ घातली होती, सांगायचा नाय म्हणून."

काळुरामच्या डोक्यात तिडीक गेली. "दीड महिना मी भिंती फोडतोय आणि तुला माहीत होतं?"

"मना काय ठावं, वरचा पंखा खालचा पंखा फिरवतो ते!"

आनंदा धाकटा भाऊ, बरोबर वरच्या मजल्यावर. वडिलांच्या जमिनीवर ही इमारत उभी राहिली तेव्हा शेतातली विहीर आनंदानं थोरल्याला न विचारता बिल्डरला बुजवू दिली होती. त्यावरून दोन वर्षं अबोला होता. आवडाबाई तेवढी दोन्ही घरांत जायची.

"तू जाऊन सांग त्याला," काळुराम आईला म्हणाला.

"माजं गुडघं दुखतात. तुज्या पंख्यासाठी मी जिना नाय चढणार."

शेवटी काळुराम आपला रिमोट आणि गुरुदत्तला घेऊन वर गेला. बेल वाजवताना त्याला आपलाच राग येत होता. दार आनंदानं उघडलं. घामानं बनियन भिजलेली, हातात तसलाच रिमोट.

"दादा?"

"तो रिमोट खाली ठेव आधी. दीड महिना माझं डोकं फिरवलंयस."

"मी? अरे, माझा पंखा मध्येच बंद पडतो म्हणून मी दोनदा उतरवून बसवला! तो तू बंद करत होतास?" मग त्याच्या लक्षात आलं. "गोदीनं तुलापण दिला? मला म्हणाली, फक्त तुझ्यासाठी!"

"मलापण तेच म्हणाली."

दोघं उंबरठ्याच्या दोन बाजूंना उभे. गुरुदत्तनं रिमोटचं मागचं झाकण काढून आतली चार बारीक बटणं दाखवली. दोन्ही रिमोटची सारखीच लावलेली होती, म्हणून एकाचा रिमोट दुसऱ्याचा पंखा चालवत होता. एका घरात रिमोटमधलं आणि छताशी पंख्याच्या वाटीत बसवलेल्या डबीतलं तेच बटण फिरवलं की काम झालं.

"मग याचं फिरव," काळुराम म्हणाला.

"माझं का? तू थोरला, तुझं फिरव."

"थोरल्याला विचारायची आठवण आज झाली होय?"

आनंदानं दार पूर्ण उघडलं. आतून त्याच्या बायकोनं पाण्याचा तांब्या आणून काळुरामपुढे धरला. उंबरठ्यावरून पाणी घेता येईना, म्हणून तो आत आला, बसला, तांब्या रिकामा केला.

"माझंच फिरवा," आनंदा गुरुदत्तला म्हणाला आणि स्वतः स्टूल आणायला गेला. ते डुगडुगत होतं. गुरुदत्त वर चढल्यावर दोघा भावांनी दोन बाजूंनी धरलं.

त्या दुपारपासून दोन्ही पंखे सरळ चालायला लागले. भाऊ फार बोलत नव्हते, पण जिन्यात भेटले तर थांबत होते.

जूनमध्ये गोदा आली, तेव्हा दोघांनी तिला समोर बसवून फैलावर घेतलं. दीड महिन्याची दगदग, भिंतीची भोकं, बॅटरीसाठी ठाण्याची खेप, सगळं ऐकवलं.

गोदानं शांतपणे ऐकून घेतलं. "एकालाच आणला असता, तर दुसरा माझ्याशी बोलला असता?"

काळुरामनं आनंदाकडे पाहिलं, आनंदानं खिडकीकडे. आवडाबाई म्हणाली, "आता च्या टाक कोनीतरी."