तिसऱ्या नंबरचा कामचुकार

"आत्या, तुला ऐकू येत नाही, मग इंजिन बिघडलंय हे तुला कळतं कसं?"

विचारून टाकलं एकदाचं! मैत्रिणींनी पैज लावली होती, की तोफ जगाला काहीही विचारेल, पण आत्याला हे विचारायची तिची छाती होणार नाही. तोफ हे तिचं वर्गातलं नाव. आवाजच तसा खणखणीत होता. गेल्या वर्षापर्यंत त्या नावाने तिचे डोळे भरून यायचे. आता ती ऐटीत ओ द्यायची.

आत्याने बॉनेटला टेकू लावला आणि भाचीकडे वळून पाहिलं.

"पुन्हा बोल. आणि किंचाळू नकोस. किंचाळलीस की तोंड वेडंवाकडं होतं, मग ओठ वाचता येत नाहीत."

तोफेने हळू आवाजात पुन्हा विचारलं. त्यावर आत्या एवढ्या मोठ्याने हसली, की समोरच्या शिंप्याने मशीन थांबवून मान वर केली.

"अगं, ऐकावं लागतं ते गिऱ्हाइकांचं! इंजिन बिचारं हलून सांगतं. बस आत, चावी फिरव. आधी गियर काढलाय का बघ."

गाडी बाबांची होती. सिग्नलला थांबली, की हुडहुडी भरल्यासारखी थरथरायची. सकाळी ऑफिसला जाताना बाबा ती इथे सोडून गेले होते. संध्याकाळी न्यायला येणार होते, आणि तेव्हाच आत्याला सांगणार होते, की आता पुरे झालं, गॅरेज बंद कर आणि आमच्याकडे राहायला ये. तोफेच्या खोलीत दुसरा पलंगसुद्धा येऊन पडला होता. आत्याने याआधी दर वेळी नाही म्हटलं होतं, आणि या वेळचीही कुणकुण तिला लागलेली होतीच. पण हे गॅरेज तिने एकटीने उभं केलेलं. बाईमाणसाकडे गाडी कोण देणार, असं म्हणणारेच पुढे तिच्या दारात गाड्या घेऊन रांगेत उभे राहिले होते.

इंजिन सुरू झालं. आत्याने तोफेला खाली बोलावलं, तिचा तळहात इंजिनाच्या झाकणावर टेकवला आणि शेजारी आपला ठेवला.

"चार भावंडं आहेत आत. तिघं राबतायत, एक कामचुकार आहे. आता त्याला पकडायचं."

त्या चार सिलिंडरांपैकी प्रत्येकाच्या डोक्यावर ठिणगीसाठी वीज देणारी एकेक कॉइल होती. आत्याने पहिलीची वायर काढली. इंजिन आणखीच लंगडलं. ती लावून दुसरीची काढली. पुन्हा तसंच. तिसरीची काढली, तर तळहाताला तसूभर फरक जाणवेना.

"हाच! जो कामच करत नाही, त्याला सुट्टी दिली काय नि न दिली काय!"

मग तिने तिसरी कॉइल पहिल्या जागी बसवली आणि पहिली तिसऱ्या जागी. दोष कॉइलचा असता, तर तो तिच्याबरोबर पहिल्याकडे गेला असता. गेला नाही. तिसराच झोपलेला. आत्याने त्याचा प्लग काढला आणि तिचा हात थांबला. प्लग कोरा करकरीत होता.

"प्लग कुणी बदलले?"

गेल्या आठवड्यात बाबांनी गाडी दुसरीकडे दाखवली होती. ताईला आता कुठलं जमतंय, असं ते आईला म्हणालेही होते.

"बाबांनी... दुसऱ्या गॅरेजात."

"बरं."

आत्या बराच वेळ फडक्याने प्लग पुसत राहिली. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

मग तिने तो उजेडात धरला. पांढऱ्या चिनी मातीवर केसाएवढी काळी रेघ होती. "हे बघ. बसवताना पाना तिरका झाला, की असा तडा जातो. वीज इथूनच पळते, ठिणगी पडतच नाही. आणि नव्या प्लगवर कुणी संशय घेत नाही."

तरी खात्रीसाठी तिने तो चौथ्यात घातला, चौथ्याचा तिसऱ्यात, आणि इंजिन सुरू केलं. लगेच तिसरा कामाला लागला आणि चौथा झोपला. आत्याने चुटकी वाजवली. तडा गेलेल्याच्या जागी नवा प्लग मात्र तिने तोफेला बसवायला दिला. "आधी हाताने फिरव. अलगद. पाना शेवटी." पुन्हा चावी फिरवली, तेव्हा तळहाताखाली चौघंही गुण्यागोविंदाने नांदत होती. तोफेने आनंदाने उडीच मारली.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. आत्याला कुठलं कळतंय! तोफेने उचलला. पलीकडे एक गिऱ्हाईक होतं.

"अहो, उचलत का नाही फोन? गॅरेज बंद झालं म्हणे?"

"बंद? आत्ता या क्षणी एक गाडी धडधाकट करून उभी केलीय! आणा तुमची!"

फोन ठेवून ती आत्यासमोर आली. "शाळा सुटल्यावर मी रोज आले तर?"

"गिऱ्हाइकांशी भांडशील."

"थोडंसंच."

आत्या हसली. मग म्हणाली, "मला तुझ्या खोलीत पाहुणी होऊन बसायचं नाही गं. तुझ्या बापाला सांगून सांगून दमले मी. आता तू सांग."

संध्याकाळी आई-बाबा आले. बाबांनी गाडी सुरू केली आणि त्यांचा चेहरा खुलला. "काय झालं होतं गं ताई?"

"प्लगला तडा होता."

बाबांचा चेहरा उतरला. दुसऱ्या गॅरेजाचं नावही आत्याने काढलं नाही. पाने जागच्या जागी लावायला ती भिंतीकडे वळली. तिची पाठ फिरताच बाबा आईला म्हणाले, "महिनाअखेरीला सामान हलवू. तिला आज नको, नंतर सांगू."

अगदी नेहमीच्या आवाजात, जणू आत्या तिथे नव्हतीच.

तोफ उठली आणि आत्याजवळ जाऊन तिने तिच्या खांद्यावर हात ठेवला. आत्या वळली, हातात पाना तसाच.

"आई, बाबा," तोफ म्हणाली, "आत्या कुठेही येणार नाही. उद्यापासून शाळा सुटली की मी इथे येणार. फोन मी घेणार आणि काम शिकणार. तो पलंग परत पाठवा."