हरिचंद्रकाकांची तक्रार

शिरगावच्या हरिचंद्र भोपींनी रेडिओवर बहिष्कार टाकला तो सोमवारी, आणि तो जेमतेम मंगळवारी दुपारपर्यंत टिकला.

रेडिओवर म्हणजे सगळ्या रेडिओवर नव्हे. सकाळच्या बातम्या, हवामान, शेतीचा सल्ला हे सगळं सुरळीत चालू होतं. बहिष्कार होता तो सरकारी रेडिओच्या 'डब्याची वेळ' या साडेबाराच्या कार्यक्रमावर. देशभरात मराठी माणूस जिथे म्हणून असेल तिथे तो ऐकू जायचा. त्यातून खरं सांगायचं तर राग कार्यक्रमावरही नव्हता. राग होता तो सादर करणाऱ्या नव्या मुलीवर. तिचं नाव जिज्ञासा. तिचा गुन्हा एवढाच, की ती मधुदादा नव्हती.

मधुदादांनी हा कार्यक्रम अठ्ठावीस वर्षं चालवला होता आणि नुकतेच ते निवृत्त झाले होते. हरिचंद्र अंबरनाथला आनंदनगरच्या एका कारखान्यात फिटर होता तेव्हापासूनचा हा रिवाज. साडेबाराचा भोंगा झाला की पाच जण खिडकीखाली डबे उघडायचे, खिडकीत रेडिओ, आणि रेडिओतून मधुदादा म्हणायचे, "मंडळी, बसा." मग हे बसायचे. आधीच बसलेले असले तरी जरा सरकून पुन्हा बसायचे. त्या पाचांचंच पुढे श्रोता मंडळ झालं. बायका आल्या, शेजारी आले, उल्हासनगरात मिक्सर-रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलेला राजू आला, आणि सभासद झाले सत्तावीस. दर आठवड्याला एक पोस्टकार्ड जायचं. वर गाण्याची फर्माईश, खाली मुंगीच्या अक्षरात सत्तावीस नावं. दर गुरुवारी मधुदादा ती नावं एकही न गाळता वाचायचे.

हरिचंद्राच्या निष्ठेला आणखी एक कारण होतं. चौदा वर्षांपूर्वी मशीनमध्ये त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली, तेव्हा तो महिनाभर इस्पितळात भिंतीकडे तोंड करून पडला होता. बनूबाई, म्हणजे त्याची बायको, उशाशी रेडिओ ठेवून गेली. मंडळाच्या बाकीच्यांनी पाठवलेलं कार्ड त्या गुरुवारी वाचून झाल्यावर मधुदादा म्हणाले होते, "हरिचंद्र, जागा राखून ठेवलीय तुमची. लवकर या डबा घेऊन." हा गडी त्या दिवशी लहान पोरासारखा रडला आणि संध्याकाळी महिन्यात पहिल्यांदा पोटभर जेवला. असं देणं कुणी विसरतं होय?

आणि म्हणूनच त्याला भीती वाटत होती. लोक ह्या नव्या पोरीला सरावले, की मधुदादा होते हेच पुसलं जाईल. सगळं जग विसरलं तरी चालेल, आपण विसरायचं नाही, एवढं त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

"मंडळाचा बहिष्कार," त्याने ओटीवर बसून जाहीर केलं. "कोनी ऐकायचा नाय."

बनूबाई कोलंबी सोलत होती. तिने मान वर न करताच विचारलं, "तुमी ऐकत नाय, हे तिला कलनार कसा?"

हा प्रश्न हरिचंद्राच्या डोक्यात आलाच नव्हता. रात्रभर त्याने विचार केला. मोर्चा काढला तर रस्त्यावर दिसतो, संप केला तर मशीन थांबतं. पण न ऐकणारा माणूस आणि घरी नसलेला माणूस यांत रेडिओला फरक काय दिसणार? तेव्हा कळवायलाच हवं. आणि कळवायचं तर चुका दाखवून, तारीखवार कळवायला हवं, नाहीतर लोक म्हणतील म्हाताऱ्याला उगाच पोटदुखी. चुका दाखवायच्या तर ऐकायला हवं. मंगळवारी दुपारी साडेबाराला हरिचंद्र वही-पेन घेऊन रेडिओसमोर बसला. निषेध म्हणून डबा मात्र आधीच खाऊन घेतला.

शनिवारी कार्ड गेलं ते असं:

'स. न. वि. वि. आम्ही आपला कार्यक्रम ऐकत नाही. मंगळवारी बारा बेचाळीसला आपण "सो, मंडळी" असे म्हणालात. मधुदादा "मंडळी" म्हणत, "सो" म्हणत नसत. बुधवारी आपण दोन वेळा हसलात, पैकी एका हसण्याचे कारण श्रोत्यांस कळले नाही. शुक्रवारी आपण गाणे संपण्याआधीच बोललात. कळावे.'

आणि त्याखाली सत्तावीस नावं. कुणाला विचारलं नव्हतं, पण अठ्ठावीस वर्षांत नावांशिवाय कार्ड लिहिलं नव्हतं. हात आपसूक तिकडे वळला. पहिलं हरिचंद्र, दुसरं बनूबाई, आणि असं करत करत शेवटचं राजूच्या बायकोचं, किर्तीचं.

पुढच्या गुरुवारी बारा एकोणपन्नासला रेडिओतून जिज्ञासाचा आवाज आला, "शिरगाव, बदलापूर पूर्वेहून एक पत्र आलंय. फर्माईश नाही, तक्रार आहे." आणि तिने ते कार्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, 'स. न. वि. वि.' सकट. मग सत्तावीसच्या सत्तावीस नावं, सावकाश, एकही न अडखळता. शेवटी म्हणाली, "हरिचंद्रकाका, गाणं कापलं ती माझीच चूक. कान पकडते. 'सो' बंद करायचा प्रयत्न करते. हसण्याचं मात्र सांगता येत नाही. तुम्ही न ऐकता इतकं बारीक लक्ष ठेवता, ऐकायला लागलात तर माझं काय होईल?"

हरिचंद्राचे कान लाल झाले. रागाने झाले, असं तो आजही म्हणतो.

दोन मिनिटांत राजूचा फोन. "काका! नाव लिया अपना! किर्ती इधर दुकानात नाचतेय. मधुदादा रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा आलं ना नाव!"

"अरे, ती तक्रार व्हती!"

"तक्रार तर तक्रार, काका. नाव तो आया ना!"

झालं. बहिष्काराची हवा तिथेच गेली. मंडळातल्या बायका तर उघडच विचारू लागल्या, पुढची तक्रार कधी धाडताय? हरिचंद्र हट्टाने दर आठवड्याला धाडत राहिला. चुका कमी व्हायला लागल्या तशी त्याची पंचाईत झाली. एका आठवड्यात काहीच सापडेना, तेव्हा त्याने 'आपण गुरुवारी पाणी प्यायल्याचा आवाज आला' एवढ्यावर वेळ मारून नेली. जिज्ञासाने तेही वाचलं आणि म्हणाली, "काका, पाणी नव्हतं, ताक होतं." नागपूरहून, बेळगावहून, थेट इंदूरहून लोक कळवायला लागले की गाणी राहू द्या, पण शिरगावच्या काकांची तक्रार चुकवू नका. राजू सांगायचा, उल्हासनगरच्या बाजारात त्याचे सिंधी गिऱ्हाईक दुकानात डोकावून विचारतात, "साईं, आज चाचा की कंप्लेंट है क्या?"

आणि हरिचंद्राला ते आवडत होतं. हीच तर मोठी अडचण होती. गुरुवारी सकाळपासून तो घड्याळाकडे बघायचा. पोरीचा आवाज आला की जीव सुखावायचा, आणि लगेच मधुदादांचा चेहरा आठवून स्वतःची लाज वाटायची. म्हणजे माणूस बघितलेला नव्हता. चेहरा त्याने आवाजावरूनच मनात करून घेतला होता.

मग आला मंडळाचा वार्षिक मेळावा. पाहुणा कोण बोलवायचा, यावर ओटीवर बैठक बसली. राजू म्हणाला, "जिज्ञासा ताई." सव्वीस हात वर गेले. त्यात बनूबाईचा हात सगळ्यात उंच.

हरिचंद्र उठून उभा राहिला. "अठ्ठावीस वर्सं ज्यानं तुमची नावं घेतली, त्याची आठवन एकालाबी नाय? बोलवा तिला. मी नाय यायचा, आन् अध्यक्षपन बी तुमालाच."

किर्तीने डोळे पुसले. रात्री जेवताना बनूबाई म्हणाली, "आमी नाय इसरलो वं. पन त्यांना जाऊन कोनी इचारला का, तुमाला काय वाटतं म्हनून?"

दुसऱ्या दिवशी हरिचंद्र नारळ आणि आपल्या शेतातला तांदूळ घेऊन मधुदादांकडे निघाला. राजूने ओळखीतून पत्ता काढला होता: अंबरनाथ, शिवमंदिराकडच्या रस्त्यावरची एक इमारत. इतकी वर्षं हा माणूस अवघ्या एका स्टेशनावर राहत होता! दार उघडलं ते एका बुटक्या, टक्कल पडलेल्या गृहस्थाने. मनातल्या चेहऱ्याशी काही म्हणता काही जुळेना. पण तो म्हणाला, "या, बसा," आणि हरिचंद्राचे पाय जागीच थांबले. आवाज तोच होता.

नाव सांगितल्यावर मधुदादांनी त्याचे दोन्ही हात धरले. डाव्या हाताकडे बघितलं आणि तो जरा जास्त वेळ धरून ठेवला. हरिचंद्राने मोठ्या तयारीने आणलेलं भाषण सुरू केलं: मंडळ कसं बिघडलं, लोक कसे कृतघ्न, मेळाव्याला तुम्हीच आलं पाहिजे. तो रंगात येत होता तेवढ्यात मधुदादांनी बोट वर केलं.

"थांबा हं जरा. साडेबारा झाले."

आणि त्यांनी रेडिओ लावला.

हरिचंद्र बघतच राहिला. जिज्ञासा म्हणाली, "मंडळी, बसा," आणि मधुदादा खुर्चीत सरकून बसले! वार गुरुवार होता. बारा एकोणपन्नासला तक्रार लागली. ह्या खेपेची तक्रार अशी होती, की आपण श्रोत्यांशी फार प्रेमाने बोलता, त्यामुळे श्रोते शेफारतात. मधुदादा इतके हसले की त्यांना ठसका लागला. हरिचंद्राला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"दादा, तुमाला राग नाय येत?" त्याने शेवटी विचारलंच. "तुमची जागा…"

"अहो, माझ्या पहिल्या वर्षी गोणी भरून शिव्या आल्या होत्या मला," मधुदादा डोळे पुसत म्हणाले. "माझ्याआधी एक बाई होत्या. त्यांच्या श्रोत्यांनी माझं जिणं हराम केलं होतं. तुम्हाला ठाऊक तरी आहेत का त्या?"

हरिचंद्राला ठाऊक नव्हत्या.

"'मंडळी, बसा' हे त्यांचं. मी त्यांच्याकडून घेतलं, हिने माझ्याकडून घेतलं. जाताना मी हिला एवढंच सांगितलं, बाकी काहीही बदल, पण नावं गाळू नकोस." पुढे ते बोलले तेव्हा आवाज रेडिओवरचा नव्हता, घरातला होता, जरा संकोचलेला. "हरिचंद्रराव, मेळाव्याचं राहू द्या. एक मागू का? अठ्ठावीस वर्षं मी सगळ्या देशाची नावं वाचली. माझं नाव कुणी वाचलं नाही कधी. स्वतःचं स्वतः कसं वाचणार? ते कसं वाटतं, ते मला माहीतच नाही. तुमच्या मंडळात घ्याल का मला?"

हरिचंद्राने मान हलवली, दोनदा, आणि नारळ पुढे केला.

त्या आठवड्याच्या कार्डात तक्रार नव्हती. जुन्या चालीवर एका भजनाची फर्माईश होती. हरिचंद्राने मधुदादांचं नाव पहिलं लिहायला घेतलं, तर त्यांनी फोनवरच दटावलं: नव्या सभासदाचं नाव शेवटी, नियम म्हणजे नियम. मेळाव्याला दोघांनाही बोलवायचं ठरलं, आणि हा ठराव खुद्द हरिचंद्राने मांडल्यामुळे राजूने शिट्टी मारली.

गुरुवारी सगळं मंडळ शिरगावला ओटीवर जमलं. मधुदादा स्वतःचा डबा घेऊन आले होते. बनूबाईने त्यांना तांदळाची भाकरी आणि कोलंबी आग्रहाने वाढली, वर "रेडिओत लय बारीक वाटायचे तुमी" असंही सुनावलं. बारा एकोणपन्नासला सगळे गप्प झाले.

जिज्ञासा म्हणाली, "शिरगावहून आज चक्क फर्माईश आलीय. माझं काही चुकलं का, काका?" मग नावं सुरू झाली. हरिचंद्र. बनूबाई. एकेका नावासरशी एकेक जण हसत होता, शेजाऱ्याला कोपर मारत होता. राजू. किर्ती. जिज्ञासा क्षणभर थांबली.

"आणि मधु टिपणीस."

बस, एवढंच. ना विशेषण, ना ओळख, ना आभार. जसं बाकीच्यांचं वाचलं तसं वाचलं, आणि भजन सुरू झालं.

मधुदादांच्या हातातला घास हातातच राहिला. देशभर ज्यांचा आवाज गेला ते हे गृहस्थ, डोळे भरून आलेले, शेजारी वळले आणि हरिचंद्राचा हात धरून विचारू लागले, "ऐकलंत ना तुम्ही? माझं होतं."

"ऐकलं, दादा."

"नीट वाचलं ना हो तिने?"

हरिचंद्राने एकदा सगळ्या मंडळाकडे बघितलं. सव्वीस जण कान टवकारून त्याच्या उत्तराची वाट बघत होते.

"एकदम नीट," तो म्हणाला. "कायबी तक्रार नाय."