शेंदराखालचे साल

एक पिवळी चकती, तिच्यावर आकडा ९.

मागच्या अ‍ॅक्सलच्या मधोमध पांढरा रंगवलेला लोखंडी गोळा.

बोटभर जाड शेंदूर.

पुढची काच दोन फाकांची. दोन्ही वेगवेगळ्या उघडतात.

रॉकेलचा वास. कधीच गेला नाही.

कागदावर लिहिलेले साल: १९७७. खोटे.

मित्रांनो, हे सगळे मिळून मी. सैन्यातून निवृत्त झालेला, काशीच्या राजघाटाजवळच्या आवारात कित्येक वर्षे उभा राहिलेला ट्रक. सलग सांगायची मला सवय नाही. मला आजवर लोकांनी तुकड्यातुकड्यांनीच ओळखले, म्हणून तसाच सांगतो.

पांढरा गोळा आधी. जबलपूरच्या कारखान्यात मला तो मिळाला. तिथून मी डोंगरात गेलो. पोती, रॉकेलचे डबे आणि गारठलेले जवान वाहिले. काळोखात आमचा ताफा पुढचे दिवे न लावता चाले. पोटाखालचा एक इवलासा दिवा फक्त त्या गोळ्यावर उजेड पाडी, आणि मागचा ट्रक तेवढा पांढरा ठिपका धरून येई. माझ्या मागून येणारा एकही ट्रक दरीत गेला नाही. हे मी थोडे छाती पुढे काढून सांगतो.

पिवळी चकती. पुलावरचा पहारेकरी तो आकडा वाची आणि माझे वजन पुलाला पेलेल की नाही ते ठरवी. काशीत आल्यावर पोरे मला नऊ नंबरची बस म्हणू लागली.

काशीत आलो तो लिलावातून. दूधविनायकचे वासुदेव मुंजी-लग्नांना मंडप आणि भांडी पुरवीत. त्यांनी मला घेतले. लिलावाचे जे साल होते, तेच कागदावर माझ्या जन्माचे साल म्हणून चढले. तेव्हा कुणाला फरक पडला नाही.

त्यांचे घर मी कधी पाहिले नाही. दूधविनायकच्या गल्लीत माझा आरसासुद्धा शिरणार नाही. मी मैदागिनच्या चौकात थांबे आणि पुढे भांडी हाताने ढकलायच्या ठेल्यावरून जात.

आता शेंदूर. सैन्याच्या गाडीवर नंबराच्या सुरुवातीला एक बाण रंगवतात. तीन रेघा, टोक वर. माझ्या बंपरवरही होता. पहिल्या दसऱ्याला वासुदेव पूजेचे ताट घेऊन आले, बाणाकडे निरखून पाहिले आणि म्हणाले, "हा तर भैरवनाथाचा त्रिशूळ! फौजी रंगाऱ्याने उलटा काढला बघा." काशीत तीन रेघा एकत्र दिसल्यावर माणूस दुसरे काय म्हणणार? त्या दिवशी शेंदूर लागला. मग दर दसऱ्याला लागत गेला. वासुदेव गेल्यावर त्यांचे चिरंजीव ढुंढिराज लावू लागले. बाकीचा बंपर दर मोसमाला घासून नवा रंगत असे. शेंदराला मात्र कुणी हात लावला नाही.

पुढे भांडी छोट्या टेंपोतून जाऊ लागली. माझी ताडपत्री फाटली. बॉनेटवर बकऱ्या बसू लागल्या. बकऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही.

मग आवार रिकामे करायचे ठरले. सोमवारी भंगारवाले कटर घेऊन येणार होते. वाचायची वाट एकच होती. जुन्या गाड्या जतन करणारे एक मंडळ मला न्यायला तयार होते, पण गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, आणि तसा पुरावा हवा. कागदाप्रमाणे मी अठ्ठेचाळीसचा.

हार मानली नाही ती संपदाने. ती ढुंढिराजांची पुतणी. रेल्वेच्या इंजिन कारखान्यात लोखंडावरचे ठसे आणि तारखा तपासणे हे तिचे काम. शनिवारी ती मंडळाच्या देवव्रतांना घेऊन आली. ते निवृत्त फौजी मेकॅनिक. ते सरळ माझ्या पोटाखाली शिरले.

"गोळा पांढरा. चकती अस्सल. काच दोन फाकांची. फौजी आहे, शक नाही," ते आतूनच बोलले. "पण कधीचा? हाच साचा तीसेक वर्षं चालू होता. इंजिन मूळचं आहे?"

"बदललंय," संपदा म्हणाली.

"चेसीवरची नंबराची पट्टी?"

"चोरीला गेली."

"रंगाचे थर बघावेत, तर तुमच्याकडे दर लग्नसराईत नवा रंग!" ते कपडे झटकत बाहेर आले. "एकच जागा उरली. बाणाच्या शेजारी दोन आकडे असतात. गाडी फौजेत भरती झाली ते साल. बाण कुठाय?"

सगळ्यांनी शेंदराकडे पाहिले.

ढुंढिराज माझ्या बंपरला पाठ लावून उभे राहिले. "तिथे हात लावायचा नाही."

संपदाने पिशवीतून लोखंडी पट्टी काढली. "काका, बाजूला व्हा."

"संपदे, देवाचा त्रिशूळ आहे तो."

"परवा कटर येणार. तो काय आधी नमस्कार करणार आहे?"

"जीभ आवर जरा."

"फौजेचा बाण आहे तो काका. यांना विचारा."

देवव्रतांनी मान हलवली. ढुंढिराज माझ्या पायरीवर बसले. मला सगळे ठाऊक होते, पण सांगायला हॉर्नसुद्धा उरला नव्हता.

"म्हणजे इतके दसरे मी नमस्कार केला तो कुणाला?"

"ट्रकला," संपदा म्हणाली. "त्यानंच तर आपलं घर चालवलं."

ढुंढिराजांनी माझ्या दाराकडे पाहिले. मग उठले आणि तिच्या हातातली पट्टी काढून घेतली. मला वाटले, संपले.

"यानं खरवडशील तर खालचा रंगही उचकटून येईल," ते म्हणाले. "इंजिनं तपासतेस ना? शेंदूर कधी सोडवलायस? गणपतीचं कवच असंच पट्टीनं काढतात का? जा, तिळाचं तेल कोमट करून आण. आणि जुनं धोतर."

रविवार सगळा त्यात गेला. कोमट तेलात भिजवलेली फडकी कडेकडेने ठेवायची, काढायची, अंगठ्याने हलकेच दाबायचे, पुन्हा ठेवायची. संपदा घाई करी आणि ढुंढिराज तिच्या हातावर चापट मारीत. मी एकच ठरवले होते. रंग सोडायचा नाही. डोंगरात बर्फाने ओरबाडला तेव्हा सोडला नव्हता, आता तर नाहीच.

दिवे लागायच्या सुमारास टक् असा आवाज झाला. तळहाताएवढे कवच अखंड ढुंढिराजांच्या ओंजळीत उतरले.

खाली तीन पांढऱ्या रेघा. शेजारी दोन आकडे: ६३.

"त्रेसष्ट!" संपदा ओरडली. बकऱ्या पळाल्या.

देवव्रतांनी भिंग लावून पाहिले, बोट फिरवले, फोटो घेतले. "थराखालचा रंग मूळ कारखान्याचा आहे. साल पक्कं. बासष्ट वर्षांचा झालाय हा बुढ्ढा." मग ते अडखळले. "पण एक कळलं नाही. त्रिशूळ म्हणून शेंदूर बाणाला लावलात. मग आकड्यांवर कसा? उघडे असते तर कधीच घासून गेले असते."

ढुंढिराजांना ते काही आठवेना.

सोमवारी भंगारवाले आले, चहा पिऊन गेले. कवच रामघाटावरून नावेत नेऊन गंगेत सोडले, असे संपदाने मला सांगितले. यंदाच्या दसऱ्याला मी मंडळाच्या छपराखाली होतो. ढुंढिराज तिथेही आले. गेंद्याच्या फुलांची माळ घातली आणि शेंदराची एकच टिकली लावली, आकडे सोडून.

मित्रांनो, जुनी वस्तू हाती आली तर घासण्याआधी ती वाचा. चकती, गोळा, काच, रेघ, सगळे वाचा. आणि वाचताना एखादा थर आड आला, तर तो ज्याने चढवला त्यालाच सोडवायला बोलवा. त्याचा हात हलका असतो.

१९७७च्या दसऱ्याला वासुदेवांनी पाच वर्षांच्या ढुंढिराजला कडेवर घेऊन त्याच्याकडून बाणाला शेंदूर लावून घेतला, तेव्हा त्याने बोट थांबवले नाही, पुढच्या दोन आकड्यांवरून ओढत नेले.