माझ्यात नसलेला शब्द

मित्रांनो, मी एक जुना शब्दकोश आहे. दारव्ह्यातल्या मुलींच्या वसतिगृहात राहतो. वजन सव्वादोन किलो, स्वभाव थोडा गर्विष्ठ. नागपूरच्या छापखान्यात माझी बांधणी करणाऱ्या मारोतीरावांनी पाठीवर थाप मारून सांगितलं होतं, की याच्यात नाही असा शब्द मराठीतच नाही. मी ते खरं मानून बसलो.

पहिली काही वर्षं फार मजेत गेली. मुली माझ्यासाठी भांडायच्या. कुणाला निबंधात भारदस्त शब्द हवा असे, कुणाला शब्दकोडं सोडवायचं असे. एकीने तर ‘वांगे’ खरंच माझ्यात आहे का, तेही तपासून पाहिलं. मग मोबाइल आले आणि मला कुणी विचारेनासं झालं. स्वयंपाकघराच्या दाराशी माठाची तिवई होती, तिचा एक पाय आखूड होता. त्याखाली मला सरकवलं. एवढा मी विद्वान, आणि माठाला टेकू! पण एक खरं सांगतो, तिथून साऱ्या वसतिगृहाचं बोलणं ऐकू यायचं.

गेल्या जुलैत अंजू आली. तिच्या बंजारा तांड्यावरची शाळा चौथीपर्यंतच, म्हणून वडील देवसिंग तिला पाचवीसाठी इथे सोडून गेले. पोर हुशार होती, पण ताटातली भाकरी तशीच ठेवायची आणि फाटकाशी जाऊन बसायची. अधीक्षिका परब मॅडम कोकणातल्या, त्याही नव्याच. त्यांनी प्रेमाने कारण विचारलं. अंजू हळूच म्हणाली, “मॅडम, मले इथं गमत नाई.”

मॅडमनी ऐकलं, ‘जमत नाही’. जमेल हळूहळू, असं सांगून त्यांनी रोज संध्याकाळी तिला गणित शिकवायला घेतलं. बिचारीचे पंचविसापर्यंत पाढे पाठ झाले, पण फाटक काही सुटेना. शेवटी मॅडमनी देवसिंगांना फोन केला, की मुलीला झेपत नाही, शनिवारी येऊन घेऊन जा. अंजू गेली असती तर तिची शाळा तिथेच संपली असती. मी तिवईखाली नुसता चडफडत होतो.

शुक्रवारी अंजूने घरी जाण्याचा अर्ज लिहिला: ‘मला येथे गमत नाही.’ मॅडमनी लाल पेनाने ‘ग’वर गोल केला आणि वर ‘ज’ लिहिला. अंजूने तो ‘ज’ खोडला. मॅडमनी पुन्हा लिहिला. अंजूने पुन्हा खोडला. तेव्हा मॅडम उठल्या, माठ उतरवला आणि मला बाहेर ओढलं. मित्रांनो, किती वर्षांनी कुणाला माझी गरज पडली होती! माझी छाती फुगली.

त्यांनी पान उघडून वाचलं, ‘गमणे: वाटणे, भासणे’. “मला येथे वाटत नाही? काय वाटत नाही?” मॅडम गोंधळल्या. मी तर शरमेने पानात तोंड लपवलं. अर्थ चुकीचा नव्हता, पण या मुलीच्या काही कामाचा नव्हता.

स्वयंपाक करणाऱ्या मैनाबाई पिठाच्या हातानेच बाहेर आल्या. “करमत नाई म्हनते ते पोरगी, मॅडम. आमच्याकडं गमत नाई म्हनते. जीव लागून नाई राह्यला तिचा.” अंजूने मान हलवली. तांड्यावर याला ‘गमेनी’ म्हणतात, असंही तिने सांगितलं.

मॅडमनी लाल पेन बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, “मलाही इथे गमत नाही, अंजू. आठ महिने झाले. मला फक्त तो शब्द माहीत नव्हता.”

मोठ्या माणसांनाही असं होतं, हे ऐकून अंजूला इतकं नवल वाटलं की ती हसलीच. मॅडमही हसल्या. मग त्यांनी पेन्सिल घेतली आणि माझ्या समासात अर्थ लिहायला लागल्या. तीनदा लिहिला, तीनदा खोडला. शेवटी पेन्सिल अंजूच्या हातात दिली. तिने लिहिलं: ‘गमत नाही – ताट इथे असते आणि भूक घरी राहते.’ त्या रात्री दोघी एकाच पंगतीला बसल्या. अंजूने दोन भाकरी खाल्ल्या आणि मॅडमनीही.

शनिवारी देवसिंग जीपने आले, वळकटी बांधायला दोरी घेऊन. अंजू त्यांचा हात धरून उभी राहिली. घरी ती बंजाऱ्यांची गोर बोली बोलते, पण मॅडमना कळावं म्हणून मुद्दाम वऱ्हाडीत म्हणाली, “बापू, मॅडमले बी इथं गमत नाई. मी आली त त्यायच्यापाशी कोन राहीन?”

देवसिंगांनी एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा मॅडमकडे. “मंग राय,” ते म्हणाले आणि दोरी खिशात घातली. मैनाबाईंनी सगळ्यांसाठी चहा टाकला.

आता मी टेबलावर असतो. मित्रांनो, मला जपा, धूळ झटका, पानं दुमडू नका. पण एखादं मूल माझ्यात नसलेला शब्द बोललं, तर माझं ऐकून त्याला चूक ठरवू नका. आधी त्याला जेवलास का म्हणून विचारा, आणि मग पेन्सिल त्याच्या हातात द्या. माझे बाकीचे समास अजून कोरे आहेत.