घरी सर्व ठीक

“विधाते, हे काय लिहिलंय?” साहेबांनी मॉनिटर आमच्याकडे वळवला आणि मोठ्याने वाचलं. “‘उद्या पंचवटीत पाणीपुरवठा बंद. नागरिकांनी पाणी भरून ठेवावे. घरी सर्व ठीक.’ कुणाच्या घरी?”

“माझ्या, साहेब,” विधाते म्हणाले.

सगळे फिदीफिदी हसले. मीही हसले.

२००८ साल होतं. नाशिकमधली कॉलेजची पोरं सायबर कॅफेत ऑर्कुटवर पडीक असायची. पाण्याच्या वेळा लोकांना तिथेच कळवाव्यात, असं साहेबांच्या डोक्यात आलं आणि पाणीखात्याच्या नावाचं पान सावळीराम विधात्यांच्या गळ्यात पडलं. निवृत्तीला टेकलेला कारकून, मखमलाबादच्या मळ्यातला माणूस, एका बोटाने टाइप करणारा. ‘नाही’ म्हणणं त्यांना जमत नसे, त्यामुळे नकोशी कामं सगळी त्यांच्याच टेबलावर.

जेवणाच्या सुट्टीत मी विचारलं, तेव्हा डबा उघडत ते म्हणाले, “ताई, आमचा महेश कुठंतरी वाचत आसंल. नाशकाचा पोरगा हाय. कुठं बी गेला तरी घरच्या नळाला पाणी आलं का, बघणारच ना?”

महेश त्यांचा एकुलता एक. त्याने परजातीतली मुलगी पसंत केली, तेव्हा विधाते भडकून म्हणाले होते, “परत तोंड दाखवू नको.” जन्मभर बापाचं ऐकत आलेल्या मुलाने हेही ऐकलं. त्यानंतर ना फोन, ना पत्ता. त्याची आई पुतळाबाई अंथरुणाला खिळलेली. पोराची काही खबर आली का, एवढंच ती संध्याकाळी नवऱ्याला विचारायची.

साहेबांनी ‘घरचं’ बंद करायला सांगितलं खरं. पण लोकांना त्याची गोडी लागली. आधी नुसत्या शिव्या यायच्या, आता कुणी लिहायचं, “आमच्याही घरी ठीक, नळ तेवढा कोरडा.” शिव्या कमी झाल्या म्हणून साहेबही गप्प बसले. मग एकदा विधात्यांनी सातपूरच्या फुटलेल्या पाइपलाइनखाली लिहिलं, “आईचा ताप उतरला.” दुसऱ्या दिवशी ‘गोदाकाठ’ नावाच्या कुणीतरी विचारलं, “आईला आता कसं वाटतंय?”

विधाते खुर्चीतून ताडकन उठले. “त्योच हाय, ताई!”

“कशावरून?”

“बघा ना, सगळ्यांचे फोटो हायेत, याचाच नाय. मीच म्हनलो व्हतो ना, तोंड दाखवू नको.”

तापाचं सगळ्या गावाने वाचलं होतं, कुणीही विचारलं असतं. पण त्यांचा चेहरा बघून माझी जीभ रेटेना. पुढे ‘गोदाकाठ’ने अधूनमधून विचारावं, विधात्यांनी उत्तर द्यावं आणि घरी जाऊन बायकोला सांगावं, असं चालू झालं. पुतळाबाई उठून बसायला लागली. पोरगा आला की त्याच्या बायकोला नेसवायची म्हणून येवल्याची साडी तिने ट्रंकेतून वर काढून ठेवली.

दिवाळी झाली आणि ती गेली. सुतकातच विधाते ऑफिसच्या दारात येऊन उभे राहिले. आत या म्हटलं तर येईनात. “ताई, तुमीच टाका आज. माझं बोट चालत नाय.” मी पाण्याच्या वेळा टाकल्या आणि खाली लिहिलं, महेशची आई वारली, रविवारी सकाळी रामकुंडावर दशक्रिया. माझ्या डोळ्यांना धार लागली होती. साहेब मागे उभे राहून वाचत होते. “टाका,” ते म्हणाले.

रविवारी रामकुंडावर अनोळखी माणसं आली होती. पंचवटीची, सातपूरची, आडगावची. ‘पाणीवाले विधाते कोण?’ असं विचारत, हात जोडून बाजूला उभी राहत होती. विधाते मात्र प्रत्येक तरुण पोराकडे मान उंचावून बघत होते. गुरुजी दोनदा म्हणाले, “चला आता.” ते म्हणाले, “थांबा वाईच.”

तेवढ्यात एक मुलगी पुढे आली. “काका, मी रूपाली. सिडकोत राहते. ‘गोदाकाठ’ नावाने मीच विचारायचे.”

मला वाटलं, आता हा माणूस इथेच कोसळणार. धरायला मी पुढे झाले.

“तू व्हय,” विधाते म्हणाले. “लय बरं केलंस पोरी, इचारत गेलीस. तिला वाटायचं, पोरगा इचारतोय. सुखानं गेली बघ.”

तेव्हा कुठे त्या मुलीच्या ध्यानात आलं. तिने तोंडावर ओढणी दाबली आणि ती हमसून हमसून रडायला लागली. विधात्यांनीच तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

न्हावी वस्तरा घेऊन खोळंबला होता. “मुलगा कुठंय बाईंचा? बसवा त्याला.”

“मलाच बसवा,” विधाते म्हणाले. त्यांनी टोपी काढली, नीट घडी घालून खिशात ठेवली आणि पायरीवर बसून न्हाव्यापुढे मान खाली घातली.