तेरा तारखेची तीन तिकिटं

माणसाला पैशाचा अभिमान असतो, रूपाचा असतो, ते एक वेळ समजतं. तारखांचा अभिमान बाळगणारा माणूस मात्र विरळाच. कॅलेंडरच्या छापखान्यात मुद्रितं तपासणारे तारीखमास्तर त्यातले होते. आईवडिलांनी ठेवलेलं नाव कधीच मागे पडलं होतं. मालकांपासून झाडूवाल्या बाईपर्यंत सगळे त्यांना मास्तरच म्हणत. बावीस वर्षांत त्यांच्या हातून एक तारीख चुकीची सुटली नव्हती, आणि ही गोष्ट ते स्वतःहून कुणाला सांगत नसत. समोरच्यानं ती काढेपर्यंत फक्त थांबत.

त्यांची एक रीत होती. पुढच्या वर्षाचा ताव छापून आला की तो घरी न्यायचा आणि स्वयंपाकघराच्या दाराआड महिनाभर टांगून ठेवायचा. "कागद घरात वागवला की चूक आपण होऊन बोलायला लागते," असं ते म्हणत. त्यामुळे अर्धं वर्ष सरलं की मास्तरांच्या घरात पुढचंच वर्ष चालू व्हायचं. मशीनवर काम करणारा जाड्या त्यांना रोज चिडवायचा, "मास्तर, तुम्ही पुढं राहता, तर जरा बघून सांगा ना, आमचा पगार वाढलाय का तिकडं?"

बायको इस्पितळाच्या धुलाईखात्यात होती. तिचं सगळं आयुष्य ड्यूटीच्या तक्त्यावर चालायचं आणि तक्ता चालायचा वारांवर. मंगळवारी चादरी, गुरुवारी शस्त्रक्रियेचे कपडे, एक आड एक रविवार सुट्टी. तेव्हा घरात न बोलता वाटणीच झाली होती. वार बायकोचे, तारखा नवऱ्याच्या. दोघांचं कधी भांडण झालं नाही, कारण दोघांनी कधी ताळा केला नाही.

महिन्यापूर्वी बायकोच्या धाकट्या भावाचा फोन आला. तो मालवाहू बोटीवर स्वयंपाकी. सहा वर्षांत घरी फिरकायला जमलं नव्हतं त्याला.

"ताई, बोट पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी सहाला धक्क्याला लागतेय, रविवारी दुपारी दोनला सुटतेय. मला गावाबाहेर पडायची परवानगी नाही. आईला घेऊन येशील?"

ते गाव समुद्रकाठचं, नारळी-पोफळीचं, बसनं दहा तासांवर. बोट तिथून सुटली की पुढली तीन वर्षं तिचं तोंड दुसऱ्या खंडाकडे. आणि आईचं वय अठ्ठ्याहत्तर. ही सासूबाई मास्तरांकडेच राहायची. तिनं फोन ऐकला आणि दुसऱ्या दिवसापासून जिन्यावर चढउतार करायला लागली. बसमध्ये गुडघे धरायला नकोत म्हणून.

बेत मास्तरांनी आखला, आणि काटकसरीत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. हंगाम सरलेला, म्हणजे खोल्या स्वस्त. त्यातही समुद्रासमोरची खोली नको, दोन गल्ल्या मागची घ्यायची. खाणं घरून न्यायचं, चादरी आपल्या न्यायच्या. "समुद्राला तिकीट नसतं, तेवढं तरी पोटभर बघा," सासूबाई म्हणाली होती. बायकोनं सांगितलं, "शनिवारी पहाटे निघू, रविवारी तीनच्या बसनं परत." मास्तर दाराआड गेले, शनिवारवर बोट ठेवलं, रविवारवर ठेवलं, आणि तिकीटखिडकीवर जाऊन सवलतीची तिकिटं काढून आले. जायची तीन, यायची तीन. तिकिटावर वार नव्हता, तारीख होती, आणि खाली बारीक अक्षरात एक ओळ. बदल नाही, परतावा नाही.

गुरुवारी दुपारी जेवणाची सुट्टी व्हायला पाच मिनिटं असताना मास्तरांनी एका तावावर सही केली आणि खाली कामाच्या चिठ्ठीत बघून तारीख घातली. बारा.

पेन तिथंच थांबलं.

"काय हो मास्तर, परवा निघणार ना समुद्रावर?" जाड्या पलीकडून विचारत होता. "आमच्यासाठी शिंपला आणा एखादा."

आज बारा. निघायचं परवा. आणि तिकिटं तेराची. मास्तरांनी डोकं वर करून समोरच्या भिंतीकडे बघितलं. तिथं पुढच्या वर्षाचा ताव शांतपणे टांगलेला होता, आणि त्यात तेरा तारखेला शनिवार होता. घरच्या दाराआडही शनिवारच होता. या वर्षी, जे वर्ष बाकी सगळं जग जगत होतं, त्यात तेरा तारखेला शुक्रवार होता. देव माणसाला त्याची चूक दाखवतो तेव्हा ओरडत नाही, नुसता दिवा जवळ धरतो. त्या उजेडात मास्तरांना सगळं एकदम दिसलं. बस उद्या पहाटे जाणार. परतीची परवा, शनिवारी दुपारी तीनला. आणि बोट लागणार त्याच संध्याकाळी सहाला. तीन तासांनी चुकामूक, तीन वर्षांसाठी.

उद्या जाऊन रविवारपर्यंत राहावं म्हटलं, तर बायकोची उद्याची ड्यूटी. तिनं शनिवार-रविवारच्या बदल्यात पुढचे दोन रविवार देऊन टाकले होते. आता शुक्रवार मागणं म्हणजे नोकरीच ओवाळून टाकणं.

"मास्तर, तब्येत बरी नाही का?"

"मला जरा बाहेर जायचंय," मास्तर म्हणाले. पेन उघडंच राहिलं होतं.

तिकीटखिडकीवरच्या कारकुनानं पावत्या उलटसुलट करून बघितल्या. "सवलतीच्या आहेत. यात काहीच होत नाही."

"शनिवार पहाटेची गाडी?"

"सवलतीच्या जागा संपल्या. पूर्ण भाड्याच्या आहेत दोन. रविवारी परतीच्याही मिळतील."

"तीन नाहीत?"

"तीन असत्या तर दोन कशाला म्हणालो असतो, काका?"

"धरून ठेवता येतील? मी पैसे घेऊन येतो, अर्ध्या तासात."

"धरून ठेवत नाही आम्ही. पहिला येईल त्याच्या." मग मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघून तो जरा हळू बोलला, "लवकर या."

पैसे घरी डब्यात होते. खोलीचे, खाण्याचे, अडीअडचणीचे, सगळे मिळून दोघांच्या पूर्ण भाड्यापुरते जेमतेम. मास्तर जवळजवळ पळत निघाले. चाळिशी घामानं घसरत होती आणि डोक्यात एक खोटं तयार होत होतं. मालकांनी सुट्टी नाकारली म्हणायचं. तुम्ही दोघी जा, पूर्ण भाड्याच्या जागा काढून देतो. तीन माणसांऐवजी दोन जातील, आणि का, ते कुणाला कळायचं कारण नाही. बावीस वर्षं सांभाळलेली गोष्ट सांभाळली जाईल. खोटं इतकं नीट बसत होतं की त्यांना त्याची भीतीच वाटली.

घरात सासूबाई पिशवीच्या तोंडाशी बसली होती. मुलासाठी विणलेला मफलर ती चौथ्यांदा घडी घालत होती. समुद्रावर मफलर कशाला, असं विचारायची कुणाची छाती झाली नव्हती.

"जावईबापू, या वेळी?"

"आई, डबा द्या जरा. मालकांनी माझी सुट्टी नाकारली. तुम्ही दोघी जा, मी वेगळी तिकिटं काढतो."

"नाकारली?" म्हातारीनं मफलर बाजूला ठेवला. "बावीस वर्षांत सुट्टी मागितली किती वेळा तुम्ही?"

"दोनदा."

"मग चला. मी बोलते त्यांच्याशी." ती भिंतीला धरून उठली आणि चपला शोधायला लागली. "जिना उतरायची सवय झालीय आता. म्हणावं, एवढा राबलेला माणूस तुमच्याकडे आणि त्याला दोन दिवस देत नाही?"

"आई, राहू द्या."

"राहू काय द्या? तुम्हीही येताय. माझा मुलगा तुम्हालाही भेटायचाय."

एक चप्पल पायात, एक हातात, अशी ती दारापर्यंत पोचली. घड्याळ पुढे सरकत होतं. मास्तरांनी तिचा रस्ता अडवला आणि त्यांच्या तोंडून जे आलं ते आधी ठरवलेलं नव्हतं.

"मालकांचा काही दोष नाही. मी चुकलो. तिकिटं शुक्रवारची निघाली. मी दाराआडच्या तावावर बघितलं, तो पुढच्या वर्षाचा आहे."

 म्हातारीनं अगदी सावकाश विचारलं, "माझ्या मुलाची बोट कधी लागणार?"

"शनिवारी संध्याकाळी."

"आणि आपण परत कधी निघत होतो?"

"शनिवारीच. दुपारी."

ती हातातल्या चपलेकडे बघत राहिली. मास्तरांना वाटलं, आता ती रडेल, किंवा बोलेल, आणि दोन्हींतलं काय सोसेल ते त्यांना ठरवता येईना.

"आता किती जागा आहेत?"

"दोन. होत्या. धरून ठेवत नाहीत ते."

"मग इथं उभं राहून मला काय सांगताय?" तिनं फडताळातून डबा काढला आणि त्यांच्या पोटाला टेकवला. "जा."

खिडकीसमोर एक जोडपं उभं होतं. बाई कारकुनाला विचारत होती, "शनिवारची नाही का मग एकही?"  "पहाटेच्या गाडीच्या आहेत दोन," कारकून म्हणाला, आणि त्याची नजर मास्तरांवर गेली. जोडपं आपसात कुजबुजायला लागलं. पहाटे उठायचं, मुलं, रिक्षा मिळणार नाही. नवरा म्हणत होता घेऊन टाकू. बायको म्हणत होती रविवारी दुपारची बघ. मास्तर मागे उभे राहून डबा छातीशी धरून होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी देवाकडे दुसऱ्याचं घर झोपाळू असावं असं मागणं मागितलं.

"रविवारची द्या," नवरा शेवटी म्हणाला.

खोलीचं काम सोपं निघालं. मास्तरांनी फोन केला तेव्हा पलीकडची बाई म्हणाली, "तेराची की चौदाची, मला काय त्याचं? इथं सध्या मी आणि मांजर. या कधीही. पैसे सवडीनं द्या."

बायको संध्याकाळी आली. सासूबाई मुद्दाम गॅलरीत जाऊन बसली. मास्तरांनी सगळं सांगितलं, पहिल्या खोट्यासकट. बायकोचे हात धुलाईच्या पाण्यानं पांढरे, सुरकुतलेले होते, ते ती पदराला पुन्हा पुन्हा पुसत राहिली.

"मी वार सांगितला होता तुम्हाला."

"सांगितला होतास."

"लग्न झाल्यापासून एकदा म्हणून विचारलं नाही, बरोबर बघितलंत ना म्हणून." तिनं पदर खोचला. "लोक म्हणतात, तुझा नवरा चुकत नाही. मी पण तेच म्हणत बसले."

"माझ्यावर राग काढ हवा तर."

"काढते. आता नाही, आल्यावर. आता काढला तर दहा तास बसमध्ये आईशेजारी तोच घेऊन बसावं लागेल."

शुक्रवारी पहाटे त्यांच्या तीन रिकाम्या खुर्च्या समुद्राकडे निघून गेल्या. शनिवारी पहाटे दोघी गेल्या. मास्तरांनी दोन्ही तिकिटांवरची तारीख कंडक्टरला वाचायला लावली, मग बाजूच्या उतारूला, मग पेपरवाल्याच्या गठ्ठ्यावर छापलेल्या तारखेशी जुळवली. बायको खिडकीतून बघत होती. हसली नाही. फक्त म्हणाली, "डब्यात भात आहे."

संध्याकाळी सहा वाजले. मास्तर फोन समोर ठेवून बसले. साडेसहा. बोट उशिरा येऊ शकते, त्यांनी स्वतःला समजावलं. धक्का दूर असू शकतो. गर्दी असू शकते. सात. आता त्यांच्या मनात नवीनच शंका शिरली, की वार मेहुण्यानंच चुकीचा सांगितला असेल तर? बोटीवरचे लोक कुठल्या देशाच्या दिवसावर चालतात कुणास ठाऊक. त्यांनी स्वतः फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला. भात तसाच होता. ते उठून उभे राहिले, बसले, आणि मनातल्या मनात त्या देवाचं नाव घेत राहिले, ज्याच्याकडे वार-तारखेचा हिशोब नसतो.

सव्वासातला फोन वाजला. अनोळखी नंबर होता.

"दाजी?" आवाज जाड झालेला, पण तोच. मागे वारा आणि कुठलंसं यंत्र. "तुम्ही का नाही आलात? ताईला विचारलं तर म्हणते, त्यांनाच विचार."

म्हणजे तिनं सांगितलं नव्हतं. सांगायचं काम त्यांच्यासाठी ठेवलं होतं.

"माझी चूक झाली रे," मास्तर म्हणाले. "तिकिटं चुकीच्या तारखेची काढली. दोनच जागा मिळाल्या."

"तुम्ही? तारीख?"

"मी. तारीख."

 मेहुणा पुढं काही बोलणार तेवढ्यात फोन कुणीतरी काढून घेतला.

"जावईबापू," सासूबाई म्हणाली. तिला धाप लागली होती. "बरा आहे तो. केस गेलेत पुढचे. आता ठेवते मी, त्याला मोकळा करते. तुमच्याशी बोलण्यात त्याचा वेळ चाललाय, आणि माझं अजून त्याच्याकडे नीट बघूनही झालं नाही."

फोन बंद झाला. मास्तर तो कानाशी तसाच धरून बसले होते, आणि बऱ्याच वेळानं त्यांना कळलं की आपण भुकेलो आहोत.