झुंबर दूधवाल्याचा उतावळा कॅम

मित्रांनो, कालपर्यंत मी दुधाच्या पातेल्यावर बसून होतो. मांजरानं झाकण पाडू नये म्हणून माझं वजन ठेवलेलं! हसू नका. मी वरवंटा नाही, दगड नाही. मी मोटारसायकलच्या इंजिनातला कॅम आहे, तोही शर्यतीसाठी मुद्दाम घडवलेला. माझ्यासारख्याला वर्षानुवर्षं गप्प बसवून ठेवायचं म्हणजे काय छळ असतो, ते कसं सांगू! आज वेळ थोडा आहे, म्हणून भराभर सांगतो.

इंजिनालाही श्वास घ्यावा लागतो आणि सोडावा लागतो. त्यासाठी त्याला दारं असतात, त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. मी गोल फिरतो आणि माझ्या अंगावरचे उंचवटे ती दारं ढकलून उघडतात. उंचवटा कसा घासलाय, त्यावर दार किती वेळ उघडं राहणार ते ठरतं. जास्त वेळ राहिलं, तर भरधाव इंजिनाला पोटभर हवा मिळते. पण तेच इंजिन हळू चालत असेल, तर घेतलेला श्वास परत निसटतो आणि बिचारं धापा टाकतं. म्हणून कॅम निवडण्याआधी गाडी कोणत्या वेगात राबणार आहे, ते विचारायचं असतं.

माझा जन्म सत्त्याण्णव साली नाशिकला, अंबडच्या एका शेडमध्ये झाला. मल्हारीमामा तिथे गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणे कॅम घासून देत. दिंडोरीकडचा झुंबर त्यांच्याकडे आला. झुंबर रोज पहाटे गाडीच्या दोन्ही बाजूंना किटल्या अडकवून पंचवटीत दुधाचा रतीब घालायचा. आणि देवळाली कॅम्पच्या पलीकडे माळावर दर वर्षी मातीतली शर्यत व्हायची, तिच्यात हौसेनं उतरायचा. दर वेळी मागे पडायचा. बघणारे ओरडायचे, "ए किटलीवाल्या, दूध नासंल ना, पळव की!" ते त्याच्या फार जिव्हारी लागायचं. त्यात या वर्षी बायकोनं, आशानं, बजावलं होतं, "म्हशी माझ्या, गाडी घरची, अन् हौस तेवढी तुमची! हे शेवटचं. जिंकलात तर पुढं खेळा, नाय तर शर्यत बंद."

आता या गड्यानं काय करावं? मामांकडे निघताना किटल्यांचं लोखंडी स्टँड गाडीवरून काढलं आणि गोठ्यात लपवलं. शर्यतवाल्यांच्या शेडमध्ये आपल्याला कुणी दूधवाला म्हणून ओळखू नये, एवढ्यासाठी!

"गाडी कुठं चालवणार?" मामांनी विचारलं. ते सगळ्यांनाच विचारत.

"शर्यतीत, मामा. ताकद वरच्या वेगात पाहिजे. पार वर!"

"आणि रोज?"

"रोज कुठं? घरीच उभी असती."

खोटारडा! पण मामांनी विश्वास ठेवला. एका झिजलेल्या कॅमवर वेल्डिंगची भर घालून त्यांनी मला उंच, रुंद उंचवट्यांचं घासलं, तापवून कडक केलं आणि आरशासारखं चकचकीत केलं. "हा खालून, म्हणजे कमी वेगात, ओढणार नाही, झुंबर. पण एकदा वर चढला, की मग विचारू नकोस," ते म्हणाले. मी तर फुगून गेलो.

पहिल्याच दिवशी मोकळ्या सरळ रस्त्यावर झुंबरनं गाडीची मूठ पिळली आणि माझ्या अंगात वारं शिरलं. "आयला!" तो हेल्मेटमधून ओरडला. मित्रांनो, तेवढं सुख मी कधीच विसरलो नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे स्टँड परत लागलं आणि भरलेल्या किटल्या आल्या. गाडी उभी असतानाच मी धडधडत होतो, मला हळू चालणं सोसतच नाही. गावाबाहेरच्या चढावर वेग पडला आणि इंजिनाचा श्वास कोंडला. गाडी बंद. पुन्हा किक, पुन्हा बंद. क्लचचा जळका वास सुटला. ऊन वर आलं, अर्धं दूध फाटलं, आणि पंचवटीत गिऱ्हाइकं चहावाचून ताटकळली. असं रोजच होऊ लागलं. मी आतल्या आत तडफडत होतो. मला पळायचं होतं हो, आणि हे मला ओझं ओढायला लावत होते!

"त्या मामांना किटल्या दाखवल्या होत्या का?" आशानं एक दिवस विचारलं.

झुंबर म्हशीकडे बघत राहिला. "नाय."

"मग त्यांचा काय दोष? चला, भरलेल्या किटल्या घेऊन चला."

मामांनी किटल्या पाहिल्या आणि कपाळाला हात लावला. "अरे गाढवा, हे आधी का नाही दाखवलंस? दूध विकणं म्हणजे काय चोरी आहे?" त्यांनी स्वतः भरल्या किटल्यांसकट चढावर एक फेरी मारली. मग दुसरा कॅम घासला, दारं लवकर मिटणारा, हळू चालीतही नेट लावून ओढणारा. मला काढून तेलकट फडक्यात गुंडाळलं. त्या ठेंगण्या, शांत भावाचा मला असा राग आला, की काय सांगू!

तरी मी उमेद सोडली नव्हती. शर्यतीच्या दिवशी मला पुन्हा बसवायचं ठरलं होतं. पण आशाबाईची अट होती, रतीब झाल्याशिवाय गाडी खोलायची नाही. त्या सकाळी नेमकं चाक पंक्चर झालं आणि झुंबर माळावर पोचला तेव्हा गाड्या रांगेत लागत होत्या. मी आशाच्या पिशवीत फडक्याआडून ऐकत होतो.

"इंजिन खोलायला वेळ नाय गं," झुंबरचा आवाज रडवेला झाला. "संपलं सगळं."

"आहे तोच कॅम घेऊन पळवा. रोज चढ चढतोय ना तो?"

स्टँड उतरवून तो रांगेत गेला. तो माळ म्हणजे नुसती वळणं! एक संपतं तोच दुसरं. बाकीच्या गाड्या वळणावर दम टाकायच्या, वेग वर चढेपर्यंत पुढचं वळण यायचं. झुंबरची गाडी मात्र प्रत्येक वळणातून खालूनच ओढत बाहेर पडायची. मी तिथे असतो तर धापाच टाकल्या असत्या. कबूल करायला जड जातं, पण खरं आहे. झुंबर जिंकला! आशा माझ्यासकट पिशवी हवेत फिरवत नाचली.

मग झुंबरनं एक केलं. सगळ्यांच्या देखत किटल्यांचं स्टँड आणलं आणि स्वतःच्या हातानं गाडीला लावलं. "किटलीवालाच हाय मी," तो म्हणाला. कुणी हसलं नाही.

मी मात्र पातेल्यावर गेलो. वर्षं गेली. मांजर माझ्याकडे बघायचं, मी मांजराकडे. मी वाईट नव्हतो, मित्रांनो. माझा रस्ता मला मिळाला नव्हता, एवढंच.

काल एकलहऱ्याहून उज्वला नावाची मुलगी आली. मामांचे हात आता कापतात, त्यांनीच तिला पाठवलं. तिच्याकडे झुंबरसारखीच जुनी गाडी आहे.

"कुठं पळवणार?" आशानं विचारलं.

"लांब सरळ पट्टीवर, काकू. वळण नाही, चढ नाही."

"अन् रोज?"

"रोजची स्कूटर वेगळी आहे. ती बघा, बाहेर उभी आहे."

आशानं दारात जाऊन स्कूटर पाहिली. मग मला झाकणावरून उचललं आणि पदरानं पुसलं.

"अगं, मांजर?" झुंबर म्हणाला.

"मांजराला मी बघते. याला जाऊ द्या. लय दिवस बसलाय."

मित्रांनो, कुणाला कामाला लावण्याआधी त्याला कुठं राबायचंय ते खरं खरं सांगा. लाजून काही लपवू नका. आणि जो एका जागी कमी पडला, त्याला लगेच भंगारात टाकू नका.

आता उज्वलाच्या गाडीत माझ्यावरचं इंजिनाचं झाकण घट्ट झालंय. झुंबर आणि आशा किटल्यांसकट बघायला आलेत. समोर लांबच लांब सरळ पट्टी आहे. उज्वलानं किकवर पाय ठेवलाय. बाजूला व्हा रे, मला आता थांबवत नाही!